पहिला मोठा पाऊस यायच्या आत मातीचं बघा: हलक्या आणि मुरमाड रानासाठी मे महिन्यातली कामं

रोहिणी लागायला थोडेच दिवस राहिलेत, काही भागात वळवाचे एकदोन पाऊस होऊनही गेले आणि सगळ्यांचं डोकं सध्या बियाणं कुठलं घ्यायचं, खत मिळतंय का यातच आहे. ते बघायलाच पाहिजे, पण त्याच्याआधी मातीची सोय लावा, कारण आत्ता रान नांगरून कुळवून मोकळं पडलंय, वर पान नाही, आत मुळं नाहीत, आणि अशा उघड्या रानावर तासाभरात दोन इंच पडला की ढेकळं फुटून बारीक माती उताराने ओढ्याला जाते. पुढं पीक गुडघ्याला आलं की तोच पाऊस एवढं नुकसान करत नाही. हे मी मुख्यतः पारनेर, पुरंदर, माण-खटाव, आटपाडी, सांगोला, आष्टी-पाटोदा या बाजूच्या लोकांसाठी लिहितोय, जिथं माती वीतभर आणि खाली लगेच मुरूम लागतो.

आधी हे समजून घ्या की ही माती आली कुठून. आपल्या पायाखालचा काळा पाषाण म्हणजे साधारण 6.6 कोटी वर्षांपूर्वी थरावर थर पसरलेला लाव्हा. गावात कुठं नवी विहीर चालू असेल नाहीतर रस्त्यासाठी डोंगर कापला असेल तिथं जाऊन एकदा उभे राहा. वर माती, तिच्याखाली पिवळट-तांबूस मुरूम, मुरमात अडकलेले गोल धोंडे आणि सगळ्यात खाली अख्खा कातळ. त्या गोल धोंड्याला टिकाव मारून बघा, कांद्याच्या पापुद्र्यासारखे थर सुटत जातात आणि आत निळसर काळा कडक गाभा निघतो. खडकाला भेगा असतात, भेगांतून पाणी चारी बाजूंनी आत शिरतं, कोपऱ्यांवर ते दोन-तीन बाजूंनी काम करतं म्हणून कोपरे आधी झिजतात आणि धोंडा गोल होतो. पावसाच्या पाण्यात हवेतला कार्बन डायऑक्साईड विरघळून ते किंचित आंबट झालेलं असतं, झाडाची मुळं आणि कुजणारा पालापाचोळा त्यात आणखी भर घालतात, मग खडकातलं फेल्डस्पार नावाचं खनिज कुजून चिकणमाती होते आणि बाकीच्या खनिजांतलं लोखंड गंजून मुरमाला तो तांबूस रंग येतो. म्हणजे मुरूम हा अर्ध्या वाटेवरचा दगड आहे, अजून माती झालेला नाही.

याच खडकातलं कोकणात तीन-साडेतीन हजार मिलिमीटर पावसात चुना, सिलिका सगळं धुऊन जाऊन लोखंड आणि ॲल्युमिनियम मागं राहतं आणि जांभा होतो. आपल्याकडं पाऊस कमी, त्यामुळं खडकातून सुटलेला चुना जमिनीतच राहतो, खणताना पांढरे खडे लागतात ते हेच. आणि चिकणमाती अशी होते की ओली झाली की फुगते, वाळली की भेगाळते. हे लक्षात ठेवा, बांधाच्या कामात त्याचा संबंध येणार आहे.

मुरमाची माती व्हायला शेकडो वर्षं जातात. आता जाण्याचा हिशोब बघा. एका एकरावरून फक्त 1 मिलिमीटर थर गेला तर ती माती साधारण दीड ब्रास (एक ब्रास म्हणजे 100 घनफूट) भरते, वजनात 5 टनांच्या आसपास. मिलिमीटरभर गेलेलं डोळ्याला दिसतसुद्धा नाही. पाऊस उघडल्यावर रानाच्या खालच्या कोपऱ्यात पाणी साठून वाळतं ना, तिथं गुळगुळीत खपल्या वळून आलेल्या असतात, एक खपली हातात घेऊन चुरडून बघा, मैद्यासारखी बारीक, एक खडा लागत नाही. खत धरून ठेवणारी, ओल धरणारी माती ती, आणि पाणी आधी तीच उचलतं. वर राहतो तो खडा, मग आपण म्हणतो रान दरवर्षी खडकाळ होत चाललंय.

कामाला सुरुवात बांधापासून करा. बांध कोरायची खोड आपल्याकडं जुनी आहे, दरवर्षी नांगराचं एक तास बांधात घालायचं, दहा वर्षांत चार फुटांचा बांध दीड फुटावर येतो आणि एका पावसात मधोमध फुटतो, मग दोघांच्याही रानात घळ पडते. भावकीत बसून हा विषय मे मध्येच मिटवा. उंदरांची बिळं, जनावरं जाऊन पडलेल्या वाटा, झिजलेला माथा सगळीकडं माती चोपून भरून घ्या. आणि सांडवा! बांध घातला पण सांडवा ठेवला नाही अशी कितीतरी रानं दिसतात. जादा पाणी जायला बांधाच्या माथ्यापेक्षा फूटभर खाली दगडाचा पिचिंग केलेला सांडवा पाहिजे, तोही कडक जागेवर काढलेला, नाहीतर पाणी स्वतःची वाट स्वतः काढतं. बांधावर मारवेल किंवा खस लावायची तयारी ठेवा, ठोंब आत्ताच बघून ठेवा आणि पहिला दमदार पाऊस झाला की लावा. बांध पेटवू नका, गवताची मुळंच तो बांध धरून ठेवतात.

नवीन बांध घालायचा असेल तर अंदाजाने घालू नका. पाण्याची पारदर्शक नळी आणि मापं लिहिलेल्या दोन काठ्या एवढ्यावर समपातळी रेषा निघते, फक्की टाकत पुढं सरकायचं. पण हे समपातळी बांध हलक्या-मध्यम जमिनीचं काम आहे, जिथं पाणी खाली मुरतं. भारी काळ्या रानात तसाच बांध घातला तर पाणी वर तुंबून पीक पिवळं पडतं आणि उन्हाळ्यात भेगाळलेला बांध पहिल्याच पाण्याला फुटतो, म्हणून तिथं हलका उतार दिलेला ढाळीचा बांध, पाणी हळूहळू नाल्याला काढून देणारा.

दुसरं, जेसीबी लावून रान सपाट करणारे सध्या खूप आहेत. कृपा करून वरची माती आधी खरडून बाजूला ढीग लावा, मग मुरमात काय कापाकापी, भराव करायचा तो करा आणि शेवटी तीच माती परत वर पसरा. भाडं थोडं जास्त जाईल. तसं न करता माती खाली गाडून मुरूम वर काढला तर पाच-सहा वर्षं तरी त्या तुकड्यात बाजरी सुद्धा नीट येत नाही, आणि ऑपरेटर हे आपणहून सांगत नाही, त्याला तासाचे पैसे मिळतात. खोल नांगरटीचंही तेच, माती सहा इंच असेल तर पलटीचा नांगर फूटभर घालून काय मिळवायचंय?

तळ्याचा गाळ सध्या निघतोय. 2017 पासून गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार योजना आहे, गावात कुठलं तळं घेतलंय ते विचारा. मुरमाड रानाला गाळ म्हणजे वाहून गेलेली माती परत आणणं. एकरभर 2 इंच थर द्यायचा तर सुमारे 72 ब्रास लागतो, एवढा एकदम परवडत नसेल तर जिथं माती सगळ्यात पातळ आहे तो तुकडा आधी घ्या, सगळ्या रानात चिमूटचिमूट टाकून उपयोग नाही. पसरून उन्हात तापू द्या, ढेकळं फुटली की कुळवाने मुरमात मिसळा, नुसता वर पडलेला गाळ वाळून कडक पापडी धरतो. आधीच काळं, चोपण (पाणी न मुरणारं, चिकट) रान आहे तिथं गाळ टाकू नका, निचरा आणखी बिघडतो. आणि ओढण्याआधी अर्धा किलो गाळ तपासून घ्या, क्षार आणि चुनखडी किती ते कळलं पाहिजे, विशेषतः मोसंबी-लिंबू लावणार असाल तर, कारण चुनखडी 10 टक्क्यांच्या वर गेली की ही झाडं पिवळी पडायला लागतात.

पेरणी उताराला आडवी. ट्रॅक्टरवाल्याला लांब तास सोयीचं पडतं म्हणून तो उताराच्या दिशेनं धरतो, तिथं उभं राहून त्याला आडवं धरायला लावा, कारण उभं पेरलं की प्रत्येक तास पाण्याचा पाट होतो. तूर, कापूस, सोयाबीनमध्ये काही ओळींनंतर मृत सरी, म्हणजे पाणी मुरायला न पेरलेली रिकामी सरी, काढा, सोयाबीनला बीबीएफ (रुंद वरंबा-सरी पाडून पेरणारं यंत्र) मिळत असेल तर फारच चांगलं. मागच्या पिकाचं धसकट, पाचट, तुराट्यांचा भुगा काहीही जाळू नका, रानातच राहू द्या, थेंब आधी त्याच्यावर आपटतो आणि मातीला मार बसत नाही.

जूनमध्ये पहिला मोठा पाऊस लागला की विजा नसतील तर फावडं घेऊन रानात जा. पाणी कुठून आत येतंय, कुठं गढूळ होतंय, कुठल्या बांधाला पाझर लागलाय हे त्या अर्ध्या तासातच दिसतं, नंतर नाही. जिथं पाणी जमून धावायला लागलंय तिथं हाताला येतील ते दगड आडवे रचा, मोठे खाली, बारीक वरच्या अंगाला. कुठं रचले ते फोनमध्ये फोटो काढून ठेवा, पुढच्या उघडिपीत तिथंच पक्का बांध घालायचाय.