अल्जिनेट ड्रेसिंग घरी कसे बदलावे

हात धुणे, हातमोजे, निर्जंतुक सलाईन ही तयारी गृहीत धरतो. डॉक्टरांनी अल्जिनेट, म्हणजे जखमेवर थेट ठेवायचं मऊ धाग्यांचं ड्रेसिंग, सांगितलं असेल, तर आधी एकच पाहा: जखम ओली आहे का? तपकिरी समुद्री शेवाळापासून बनवलेल्या या धाग्यांत कॅल्शियम असतं. जखमेच्या स्रावातलं सोडियम त्याची जागा घेतं आणि धाग्यांचं मऊ जेल होतं. स्रावच नसेल तर जेल कुठून होणार? म्हणून ‘नैसर्गिक आहे, कुठल्याही जखमेला चालतं’ असं सांगणाऱ्याकडे सरळ दुर्लक्ष करा.

वरची पट्टी काढा.

आता खरी परीक्षा. जुनं अल्जिनेट काढणं मलाही सुरुवातीला फार जड गेलं. मधला भाग जेल होऊन अलगद सुटतो, पण कडा सुकून कातडीला घट्ट धरून बसतात. ‘एका झटक्यात ओढा, म्हणजे कमी दुखेल’ हा सल्ला मला संताप आणतो. त्या झटक्यात नुकतीच भरू लागलेली कोवळी त्वचा उचकटते आणि रक्त येतं. कडांवर सलाईन ओता, काही मिनिटं थांबा, पुन्हा ओता. मग कडेकडून मध्याकडे हळूहळू सोडवा. तरी ओढ लागली तर हात थांबवा, आणखी भिजवा. उरलेले धागे नखाने किंवा चिमट्याने कोरू नका, सलाईनच्या धारेने धुऊन काढा.

पिवळट-हिरवट चिकट जेल पाहून पू समजून घाबरू नका, त्याला थोडा वासही येतो. जखम धुतल्यावरही दुर्गंधी राहिली, भोवती लाली पसरली, दुखणं वाढलं किंवा ताप आला, तर मात्र त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

नवा तुकडा जखमेच्या मापाचाच कापा. बाहेर आलेला भाग स्राव निरोगी कातडीवर ओढून नेतो आणि ती पांढरी, लिबलिबीत होते. नवा तुकडा आधी ओला करायचा नाही, भिजवण्याचं काम जखमेचं. खोल जखमेत दोरीसारखं अल्जिनेट सैल भरा. ते फुगतं, त्यामुळे ठासून भरलं तर आत दाब पडतो. टोक बाहेर दिसत ठेवा.

वर शोषक पट्टी लावा. ती भिजून ओल बाहेरून दिसू लागली की ठरलेल्या दिवसाची वाट न बघता बदला. आणि अल्जिनेट दरवेळी कोरडंच निघत असेल, तर स्राव कमी झालाय. आता दुसरं ड्रेसिंग वापरायचं का, असं डॉक्टरांना स्वतःहून विचारा.