फोटोतली शर्यतीची गाडी आणि समोर उभी असलेली गाडी एकच का, हे कसं तपासायचं

दुसऱ्या महायुद्धापूर्वीच्या रोड रेसचा फोटो हाती आला की दोन प्रश्न सोडवावे लागतात: फोटोतलं मॉडेल कोणतं, आणि आज मुंबईच्या गॅरेजमध्ये उभी असलेली गाडी तीच का. गाडीसमोरच्या फलकावर ‘मिल्ले मिल्यात धावलेली’ असं लिहिण्याआधी दोन्हींची उत्तरं स्वतंत्रपणे मिळायला हवीत. एकसारखं मॉडेल म्हणजे तीच गाडी नव्हे.

सुरुवात शर्यतीपासून करा. मिल्ले मिल्या, म्हणजे इटलीतली हजार मैलांची रोड रेस, १९२७ ते १९३८ दरवर्षी झाली, १९३९ ला झालीच नाही. १९४० ला ब्रेशिया, क्रेमोना आणि मांतोवा यांमधल्या बंद त्रिकोणी रस्त्यावर झाली आणि बीएमडब्ल्यू ३२८ जिंकली. म्हणून फोटोखाली ‘मिल्ले मिल्या १९३९’ असं लिहिलेलं असेल, तर त्या मजकुरातल्या बाकी कशावरही विसंबू नका. गाडीत दोघे बसलेले दिसतात का तेही बघा. मिल्ले मिल्यात जोडी असायची, फ्रान्समधल्या ल माँच्या २४ तासांच्या शर्यतीत गाडीत ड्रायव्हर एकटाच.

बॉनेटवरच्या नंबराने अनेकांची फसगत होते. ब्रिटिश ड्रायव्हर स्टर्लिंग मॉसचा मिल्ले मिल्यातला १९५५ चा ७२२ म्हणजे सकाळी ७ वाजून २२ मिनिटांची सुटण्याची वेळ. ही पद्धत युद्धानंतरची आहे. १९३० च्या फोटोतल्या नंबरावरून वेळ काढू नका. ल माँमध्ये नंबर बहुधा इंजिनाच्या क्षमतेनुसार दिले जात, सर्वांत मोठ्या इंजिनाला १. तिथे लहान नंबराची गाडी दिसली तर मोठ्या इंजिनाच्या गाड्या आधी तपासा. शिवाय एकच गाडी प्रत्येक शर्यतीत वेगळ्या नंबराने धावायची. नंबर त्या वर्षीच्या प्रवेशयादीशी जुळवल्याशिवाय त्याला अर्थ नाही.

रंगाबाबतही सावध राहा. इटलीचा लाल, फ्रान्सचा निळा, ब्रिटनचा हिरवा हे खरं, पण त्या काळच्या ऑर्थोक्रोमॅटिक फिल्मला लाल रंग दिसतच नसे. इटलीची लाल अल्फा रोमिओ जवळजवळ काळी उमटते, आणि फ्रान्सची निळी बुगाती फिकट, कधी पांढरट. उजवीकडचं स्टिअरिंग पाहून ‘ही ब्रिटनसाठी किंवा हिंदुस्थानसाठी बनवलेली’ असंही म्हणू नका. अल्फा ६सी १७५०, ८सी २३००, बुगाती ३५ या सगळ्या उजव्या स्टिअरिंगच्याच होत्या. बुगातीचा ड्रायव्हर गाडीच्या डाव्या बाजूला दिसला तर बहुधा निगेटिव्ह उलटी छापली आहे. नंबर ८ किंवा ११ असेल तर आकड्यावरून ते लक्षात येत नाही.

आता बांधणी. फोटो अगदी बाजूने घेतलेला असेल तर व्हीलबेस, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांच्या केंद्रांमधलं अंतर, मोजता येतो. चाक लंबगोल दिसत असेल तर मोजू नका, उत्तर चुकेल. ५.५०-१९ मापाचा टायर साधारण ७६० मिलिमीटर उंच असतो. पुढच्या चाकाच्या केंद्रापासून मागच्या चाकाच्या केंद्रापर्यंतचं अंतर टायरच्या उंचीने भागा. अल्फा ८सी २३०० च्या आखूड चेसिसचा (गाडीच्या सांगाड्याचा) व्हीलबेस २.७५ मीटर, म्हणजे गुणोत्तर ३.६ च्या आसपास. लांब चेसिसचा ३.१ मीटर, गुणोत्तर ४.१ च्या जवळ. हा फरक स्पष्ट कळतो. मोंझा या तिच्याच शर्यतीच्या आवृत्तीचा २.६५ मीटर आहे, पण तिच्यात आणि आखूड चेसिसमध्ये एवढा कमी फरक आहे की मोजपट्टीवर निर्णय देऊ नये. तिथे रेडिएटरसमोरच्या आवरणातल्या उभ्या फटी बघा.

बुगाती ३५बी आणि ५१ यांत सर्वाधिक गोंधळ होतो. सुपरचार्जरच्या (इंजिनात जास्त हवा कोंबणाऱ्या पंपाच्या) व्हॉल्व्हसाठी बॉनेटला एक भोक असतं. ५१ मध्ये ते खालच्या अंगाला येतं. ५१ च्या मागच्या टाकीला दोन झाकणं, आणि डॅशबोर्डवरचा मॅग्नेटो (स्पार्कसाठी वीज देणारं यंत्र) डावीकडे सरकलेला. अखंड ओतीव चाकं ही ५१ ची खूण सांगतात, पण ती चाकं पुढे कितीतरी ३५ वर चढवली गेली. चाकांवरून ठरवू नका.

मॉडेल ठरलं की समोरच्या गाडीचा धातू तपासा. ब्रिटनच्या एमजी के३ एकूण ३३ च बनल्या, १०८७ सीसीच्या सहा सिलिंडरच्या. १९३३ च्या मिल्ले मिल्यात त्यांनी ११०० सीसी वर्ग आणि सांघिक बक्षीस दोन्ही जिंकलं. म्हणूनच तिच्या प्रतिकृती भरपूर आहेत, बऱ्याच के१, के२ आणि एन मॅग्नेट गाड्यांवर बांधलेल्या. के१ चा व्हीलबेस १०८ इंच, के३ चा ९४ इंचांच्या थोडा वर. के१ ची चेसिस कापून आखूड केली असेल तर बाजूच्या पट्ट्यांवर आतून हात फिरवा: वेल्डिंगची कड किंवा नको तिथे जोडपट्टी हाताला लागते. बाहेरून डेंटिंग-पेंटिंगखाली ती दिसणार नाही.

चेसिस आणि इंजिनावरचे नंबर वाचायला घाईने ग्राइंडर किंवा वाळूचा मारा कधीच वापरू नका. ठोकलेल्या आकड्याचा ठसा उथळ असतो आणि मुंबईच्या खाऱ्या हवेने त्यात गंज भरलेला असतो. पृष्ठभाग घासला की आकडाच जातो. रॉकेल लावून रात्रभर ठेवा, पितळी ब्रशने हलकं साफ करा, टॉर्च तिरका धरा. मग आरटीओसाठी काढतात तसा पातळ कागदावर पेन्सिलने प्रिंट घ्या. ३ आणि ८, १ आणि ७ यांत शंका असेल तर आपण काय वाचलं ते न सांगता दुसऱ्या माणसाला वाचायला द्या. बुगातीत इंजिन, गिअरबॉक्स, अ‍ॅक्सल यांवरही वेगवेगळे आकडे असतात, सगळे उतरवा. नुसत्या इंजिन नंबरावर निष्कर्ष काढू नका, कारण इंजिनं त्याच काळात अदलाबदल होत होती.

नंबरप्लेट जपून वापरा. ब्रिटनमध्ये नंबर सहसा गाडीबरोबर राहायचा. जेबी म्हणजे बर्कशायर, एमजीचा कारखाना तेव्हा ज्यात होता तो परगणा. इटलीत मालकाने प्रांत बदलला की प्लेट बदलायची, त्यामुळे एमआय (मिलान) आणि बीएस (ब्रेशिया) अशा दोन प्लेटा एकाच गाडीच्या असू शकतात. मुंबईची जुनी बीएमवाय पाटी किंवा २०२१ च्या नियमांनुसार जुन्या (व्हिंटेज) गाड्यांना मिळणारी व्हीए मालिकेतली नवी पाटी गाडीच्या फक्त इथल्या नोंदणीबद्दल सांगते. आरसी बुकातला चेसिस नंबर मात्र काढलेल्या प्रिंटशी ताडून पाहा.

शेवटी मालकांची साखळी लावा: शर्यत, त्यानंतरची विक्री, मुंबईत आगमन. आगमनाच्या काळासाठी टाऊन हॉलमधल्या एशियाटिक सोसायटीच्या ग्रंथालयातली जुनी वर्तमानपत्रं चाळा, जाहिरातींची पानंसुद्धा. साखळीत खंड पडला तर फायलीत तो खंड तसाच ठेवा. चेसिस के१ ची निघाली तर फलकावर एवढंच लिहा: ‘के३ पद्धतीची बांधणी, मूळ के१ चेसिस.’