मराठी मजकुरात ग्रीक अक्षरं नीट कशी बसवायची

ठाण्यात नौपाड्यात डीटीपीचं काम करते मी, आणि प्रबंधांच्या फायलींमध्ये ग्रीक शब्द हमखास मोडलेले येतात म्हणून हे लिहितेय.

पहिलं म्हणजे सिम्बॉल फॉन्ट लावून इंग्रजी ए चा अल्फा करायचा नाही, कारण तो दिसतो अल्फा पण आत ए च असतो, फॉन्ट बदलला की परत ए! खरं युनिकोड अक्षर हवं, म्हणजे ज्याला स्वतःचा वेगळा कोड असतो ते. विंडोजमध्ये भाषांच्या सेटिंगमध्ये जाऊन ग्रीक कीबोर्ड जोडा. आता अॅक्सेंट: अर्धविरामाची कळ आधी दाबायची, मग स्वर, की त्यावर टोनोस (छोटी तिरकी रेघ) येतो. आणि शब्दाच्या शेवटचा सिग्मा वेगळा असतो बरं का, तो डब्ल्यूच्या कळीवर, मधला एसवर, इथे फार जण चुकतात.

आधुनिक ग्रीकला टोनोस पुरतो, १९८२ पासून तिथे एकच स्वरचिन्ह अधिकृत आहे (दोन टिंबांचं डायलिटिका वेगळं). पण प्लेटो, होमर उद्धृत करत असाल तर श्वासचिन्हं (शब्दाच्या सुरुवातीला ह-कार आहे की नाही ते सांगणाऱ्या खुणा), तीन प्रकारचे अॅक्सेंट, अक्षराखालचा छोटा आयोटा, सगळं लागतं, त्यासाठी पॉलिटॉनिक कीबोर्ड घ्या.

मंगल फॉन्टमध्ये ग्रीक नाही, वर्ड गुपचूप दुसरा फॉन्ट लावतो आणि जाडी जुळत नाही, म्हणून ग्रीकसाठी वेगळी कॅरेक्टर स्टाइल करून नोटो सेरिफ लावा. लाटेकवाल्यांनी (आज्ञा लिहून मजकूर जुळवणारी प्रणाली वापरणाऱ्यांनी) गणिताच्या मोडमधला अल्फा शब्दांसाठी वापरू नका, झीलाटेक (युनिकोड चालणारं लाटेक) आणि पॉलिग्लॉसिया (अनेक भाषांसाठीचं त्याचं पॅकेज) घ्या.