नव्या घरात फायबर घेताना: डबा कुठे बसणार हे आधी ठरवा

घर बदलताना इंटरनेटची आठवण बहुतेकांना सामान हलवून झाल्यावर होते. मग मिळेल त्या दिवशी माणूस बोलावला जातो. तो दारातून आत येतो, सर्वांत जवळची भिंत गाठतो, तिथे फायबरचा डबा, म्हणजे काचेच्या तारेतून आलेला प्रकाश घरच्या नेटमध्ये बदलणारं यंत्र, ठोकतो आणि पुढच्या कामाला निघून जातो. नेट चालू होतं, फक्त आतल्या खोलीत पोचत नाही. तार जोडणं हे तंत्रज्ञाचं काम आहे. डबा कुठे बसणार हे मात्र तुम्ही ठरवायचं असतं, आणि तेही तो येण्याच्या आधी.

१. ‘फायबर आहे’ म्हणजे कुठपर्यंत आहे?

हा प्रश्न घर बघायला जाल तेव्हाच विचारा. जाहिरातीत सगळंच फायबर असतं. प्रत्यक्षात कधी काचेची तार थेट तुमच्या घरात येते, कधी ती रस्त्यावरच्या पेटीपर्यंत किंवा इमारतीच्या तळापर्यंतच असते आणि पुढे जुनी टेलिफोनची वायर किंवा लॅन केबल लावलेली असते. तांब्याच्या टेलिफोन वायरीवर अंतर वाढेल तसा वेग पडतो, आणि अपलोड तर फारच मार खातं. लॅन केबल त्यापेक्षा बरी, पण ती ज्या स्विचला जोडलेली असते तो जिन्यात कुठेतरी विजेवर चालतो. तिथली वीज गेली की तुमच्या घरात इन्व्हर्टर असूनही नेट बंद. म्हणून कंपनीला सरळ विचारा, ‘घरात येणारी तार काचेची की तांब्याची?’

घरातही खूण सापडते. आधीच्या रहिवाशाने भिंतीवर छोटी पांढरी डबी सोडली असेल आणि त्यात हिरव्या रंगाचा चौकोनी कनेक्टर दिसला, तर फायबर घरात आलेलं आहे. डबीचा आणि तिच्यावरच्या स्टिकरचा फोटो काढून ठेवा. कंपनी तीच असेल तर काम बरंच सोपं होतं. वेगळी असेल तर जुना डबा त्यांना चालेल असं धरून चालू नका.

२. परवानगी आणि किल्ली

भाड्याचं घर असेल तर भिंतीला भोक पाडायची परवानगी घरमालकाकडून लेखी घ्या. मेसेजवर घेतली तरी चालेल, पण तार कुठून येणार आणि भोक कुठे पडणार हे त्यात असू द्या. मोठ्या इमारतीत तारा ज्या डक्टमधून वर येतात त्याला बहुधा कुलूप असतं. ती किल्ली कोणाकडे असते आणि तो माणूस त्या दिवशी जागेवर असेल का, हे आदल्या दिवशी विचारा. तंत्रज्ञाची फेरी फुकट जाण्याचं हे एक नेहमीचं कारण आहे.

३. तारीख

ताबा कधी मिळणार हे कळलं की लगेच नोंदणी करा. इमारत नवी असेल तर तिचा पत्ता कंपनीच्या यादीतच नसतो आणि ‘तुमच्याकडे सेवा नाही’ असं उत्तर येतं. शेजाऱ्याकडे त्याच कंपनीची जोडणी असेल तर त्याचा पत्ता सांगून पुन्हा विचारा.

जोडणीचा दिवस शक्यतो सामान येण्याआधीचा ठेवा. रिकाम्या घरात तार हवी तिथून नेता येते. कपाटं लागल्यावर ती कपाटाला वळसा घालून जाते. मात्र घरात वीज सुरू झालेली असली पाहिजे. ड्रिललाही लागते आणि डब्यालाही.

४. डब्याची जागा

साधारण समजूत अशी की डबा दाराजवळ असला म्हणजे तार कमी लागते आणि वेग चांगला मिळतो. उलट आहे. १९७० मध्ये कॉर्निंगच्या संशोधकांनी किलोमीटरला २० डेसिबलच्या (सिग्नल किती घटला याचं माप) खाली गळती असलेली काचेची तार बनवली, तेव्हा तो मोठा टप्पा मानला गेला. आजच्या तारेत ही गळती किलोमीटरला अर्ध्या डेसिबलपेक्षाही कमी असते. म्हणजे तार आणखी वीस मीटर आत नेली तरी सिग्नलला कळणारसुद्धा नाही. वाय-फायचं दुखणं वेगळं. त्याला दोन जाड भिंती पुरतात. तेव्हा घरातलं अंतर शक्य तितकं काचेच्या तारेला कापू द्या आणि वाय-फायला कमीत कमी भिंती ओलांडाव्या लागतील असं बघा.

जागा घराच्या मध्याकडे, मोकळी, छाती-डोक्याच्या उंचीवर असावी. टीव्हीच्या मागे, लोखंडी कपाटात, मोठ्या आरशामागे किंवा मायक्रोवेव्हशेजारी नको. फायबरचा डबा आणि राऊटर वेगवेगळे असतील तर जवळ दोन प्लग पॉइंट लागतील. एकच असेल तर एक्स्टेंशन बोर्ड लोंबकळणार, हे ठरलेलं.

घराचं रंगकाम किंवा फॉल्स सीलिंग अजून व्हायचं असेल तर फारच उत्तम. दारापासून डब्याच्या जागेपर्यंत एक रिकामा पाइप टाकून घ्या आणि त्यात तार ओढायला दोरी सोडून ठेवा. डब्यापासून कामाच्या टेबलापर्यंत आणि टीव्हीपर्यंत कॅट-६ लॅन केबल त्याच वेळी टाका, पण ती विजेच्या वायरींच्या पाइपातून नेऊ नका. रंग झाल्यावर यातलं काहीही करायचं म्हणजे भिंतीवर केसिंग पट्ट्या आल्याच.

जागा नक्की झाली की भिंतीवर चिकटपट्टीचा तुकडा लावून ठेवा. तोंडी सांगितलेलं घाईत राहून जातं.

५. तंत्रज्ञ आल्यावर

त्याच्यासोबत थांबा. ड्रिल लावण्याआधी भिंतीत वायरिंग किंवा पाण्याचा पाइप कुठून गेलाय ते सांगा. बाहेरच्या भिंतीतलं भोक बाहेरच्या बाजूला किंचित उतरतं हवं, म्हणजे पावसाचं पाणी आत येणार नाही. काम झाल्यावर ते सिलिकॉनने बुजवायला सांगा.

कोपऱ्यात तार काटकोनात दाबलेली नसावी. घरात वापरायची नवी तार बरंच वळण सहन करते, पण कोणती तार लावली जातेय हे तुम्हाला दिसत नाही. वळण बांगडीएवढं मोकळं असलं की काळजी नाही. दाराच्या फटीतून तार नेऊ देऊ नका. दार रोज उघडतं-मिटतं आणि तार कधीतरी चिरडते.

जोडणीचं यंत्र दिसलं तर बघण्यासारखं असतं. तारेचं वरचं आवरण सोलून आत १२५ मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन) जाडीची, केसासारखी काच मोकळी करतात, तिचं टोक सरळ कापतात आणि विजेच्या ठिणगीने दोन टोकं वितळवून एक करतात. यात कापून पडलेले काचेचे तुकडे धोक्याचे. ते जमिनीवर दिसत नाहीत, अनवाणी पायात किंवा रांगत्या बाळाच्या हातात घुसतात आणि काढता निघत नाहीत. तंत्रज्ञाने ते चिकटपट्टीने उचललेत का बघा आणि नंतर ती जागा ओल्या कागदाने पुसून कागद फेकून द्या. तारेच्या उघड्या टोकात डोकावूनही बघू नका. आतला प्रकाश अवरक्त असतो, डोळ्यांना दिसत नाही, पण लेसरच असतो.

हिरव्या कनेक्टरचं टोक आठ अंशांनी तिरकं घासलेलं असतं, निळ्याचं तसं नसतं. एकाच्या खाचेत दुसरा बसतो, म्हणून ही चूक होऊ शकते. हिरवा हिरव्यातच जायला हवा.

निघण्याआधी तंत्रज्ञाला प्रकाशाची ताकद मोजणारं मीटर लावायला सांगा आणि आकड्याचा फोटो घ्या. आकडा डीबीएम या एककात आणि उणे येतो. सध्या सर्रास असलेल्या जीपॉन (एका तारेतला प्रकाश अनेक घरांत वाटणाऱ्या) जोडणीत उणे १५ ते उणे २५ च्या दरम्यान असला तर निश्चिंत राहा. उणे २७ च्या आसपास असला तर कनेक्टर पुसून, वळणं सैल करून पुन्हा मोजायला लावा. आज जेमतेम चालणारी लाइन पुढे बिघडते, आणि तेव्हा हा फोटो कामाला येतो.

६. दिवे

डब्यावरचे ‘पॉन’ (कंपनीशी जोडणी) आणि ‘लॉस’ (प्रकाश तुटल्याची सूचना) हे दोन दिवे बघा. ‘पॉन’ हिरवा स्थिर, ‘लॉस’ विझलेला: सगळं ठीक. ‘लॉस’ लाल: प्रकाश डब्यापर्यंत पोचतच नाही. ‘पॉन’ नुसताच लुकलुकत राहिला तर प्रकाश येतोय, पण डब्याची नोंद पूर्ण झालेली नाही. ते काम ऑफिसातून होतं, म्हणून तंत्रज्ञाला तिथूनच फोन करू द्या. ‘थोड्या वेळात होईल’ यावर त्याला सोडू नका.

७. वेग आधी केबलने मोजा

लॅपटॉप लॅन केबलने राऊटरला जोडा आणि वाय-फाय बंद ठेवून वेग मोजा. १ जीबीपीएसच्या योजनेत साधारण ९४० एमबीपीएस दिसले तर ते पूर्णच आहेत. आकडा ९५ च्या आसपास अडकला तर बहुधा पोर्ट (केबल लावायची खाच) १०० एमबीपीएसचाच आहे किंवा केबलची एखादी जोडी तुटली आहे. डाउनलोड होताना दिसणारा वेग मात्र बाइटमध्ये असतो, त्याला आठने गुणा. १०० एमबीपीएसच्या लाइनवर फाइल सेकंदाला साडेबारा एमबीने उतरत असेल तर तक्रारीला जागा नाही.

मग वाय-फाय. प्रत्येक खोलीत फोन घेऊन फिरा. वाय-फायचे दोन पट्टे (फ्रिक्वेन्सी) असतात: ५ गिगाहर्ट्‌झ वेगवान पण भिंतीला घाबरणारं, २.४ हळू पण दूर जाणारं. कडेची एखादी खोली तरीही कोरडी राहिली तर आधी टाकलेल्या लॅन केबलवर दुसरा ॲक्सेस पॉइंट (वाय-फाय देणारा आणखी एक डबा) लावा. सिग्नल पुढे ढकलणारे स्वस्त रिपीटर बहुधा निम्मा वेग खातात.

राऊटरच्या सेटिंगचा मूळ पासवर्ड त्याच दिवशी बदला. वाय-फायला मात्र जुन्या घरचंच नाव आणि पासवर्ड द्या, अर्थात तो पासवर्ड भक्कम असेल तर. फोन, टीव्ही, प्रिंटर सगळे आपोआप जोडले जातात आणि एक संध्याकाळ वाचते.

८. वीज गेली तर

वाटेतल्या फायबरच्या वाटणी-डब्यांना वीज लागत नाही, घरातल्या डब्याला लागते. वीज गेली की नेटसोबत त्यावरचा लँडलाइन फोनही जातो. राऊटरसाठीचा छोटा डीसी यूपीएस मिळतो, पण तो घेताना अडॅप्टरवरचे व्होल्ट, अँपिअर आणि पिन जुळवून घ्या. घरात कोणासाठी आणीबाणीचा अलार्म लँडलाइनवर चालत असेल तर ते कंपनीला नोंदणीच्या वेळीच सांगा.

९. जुनी जोडणी

नवी लाइन काही दिवस नीट चालेपर्यंत जुनी बंद करू नका. जुना लँडलाइन नंबर सोबत न्यायचा असेल आणि तशी सोय मिळत असेल तर तो नव्या कंपनीकडे पूर्ण आल्याशिवाय अजिबात नको, कारण खातं बंद झालं की नंबरही जाण्याची शक्यता असते. जुना डबा आणि अडॅप्टर परत करताना डब्याच्या अनुक्रमांकासकट पावती घ्या आणि शेवटचं बिल येईपर्यंत जपून ठेवा.