अभ्यासिकेत बारा तास, अभ्यास साडेचार: या चुका टाळा

सदाशिव पेठेतल्या एका अभ्यासिकेत मी तीन वर्षं काढली. सकाळी सातला खुर्ची धरायची, रात्री नऊला सोडायची. कुणी विचारलं तर 'बारा तास होतात रोज' असं बिनदिक्कत सांगायचो. आपण खोटं बोलतोय असं मनातही यायचं नाही. राज्यसेवा पूर्वपरीक्षेत दुसऱ्यांदा कट-ऑफच्या बराच खाली राहिलो, तेव्हा एका शुक्रवारी स्टॉपवॉच लावून बसलो. नजर पुस्तकावर असेल तेवढाच वेळ चालू, मान वर झाली की बंद. रात्री आकडा निघाला ४ तास २० मिनिटं. उरलेला दिवस चहाच्या टपरीवर, मेसच्या रांगेत आणि 'जाहिरात कधी येणार' या अखंड चर्चासत्रात गेला होता.

त्यानंतर ज्या चुका सापडल्या त्या इथे लिहितोय. तयारी करणाऱ्यांना यातल्या निम्म्या तरी ओळखीच्या वाटतील.

खुर्चीचे तास मोजणं

अभ्यासिकेत बसल्यावर अपराधीपणा जातो, ही तिची खरी सोय आणि खरा धोका. बसण्याचीच सवय लागते, अभ्यासाची नाही.

उपाय सोपा आहे, पण लाज वाटायला लावणारा. चार दिवस फक्त मोजा. सुधारायचा प्रयत्न करू नका, कारण मोजतोय म्हणून पहिल्या दिवशी आपण आपोआप शहाण्यासारखे वागतो. खरा आकडा तिसऱ्या-चौथ्या दिवशी दिसतो. तो साडेचार असेल तर पुढच्या आठवड्याचं लक्ष्य पाच तास ठेवा, दहा नाही. आणि स्टॉपवॉच मोबाइलमधलं नको. बंद करायला हातात घेतलेला मोबाइल अर्ध्या तासाने खाली ठेवला जातो. मी रस्त्यावरून एक स्वस्तातलं डिजिटल घड्याळ आणलं होतं. पट्टा महिन्यात तुटला, घड्याळ दोन वर्षं चाललं.

टॉपरचं वेळापत्रक उतरवून घेणं

ही चूक मला सगळ्यात महागात पडली. एका सत्कारात एका अधिकाऱ्याने सांगितलं, 'मी पहाटे चारला उठायचो.' सभागृहातल्या निम्म्या पोरांनी त्याच रात्री चारचा अलार्म लावला असेल; मी तर लावलाच. ते किती वाजता झोपायचे, हे मात्र कुणी विचारलं नाही. आमच्या कॉट बेसिसच्या, म्हणजे एकेका खाटेपुरतं भाडं भरायच्या खोलीत चौघे जण, आणि दिवा बंद व्हायचा साडेबाराला. चारला उठून मी सहापर्यंत डोळे ताणून वाचायचो, अकराला डेस्कवर डोकं टेकायचो आणि वर स्वतःलाच आळशी म्हणायचो.

आता जरा परीक्षेकडे बघा. पूर्वपरीक्षेचा सामान्य अध्ययनाचा पेपर सकाळी अकरा ते एक, आणि सीसॅट, म्हणजे उतारे-आकलनाचा आणि बुद्धिमापनाचा दुसरा पेपर, दुपारी तीन ते पाच. म्हणजे डोकं लख्ख हवं ते नेमकं अकराला आणि तीनला. पहाटेचा माणूस म्हणून मी मिरवत होतो आणि दुपारी तीनला रोज पेंगत होतो! सीसॅटमध्ये उतारे सुटत नाहीत म्हणून दोन पुस्तकं जास्तीची घेतली. दोष उताऱ्यांचा नव्हता, झोपेचा होता.

यावर करायचं एवढंच: आठवडाभर दर दोन तासांनी वहीच्या मागच्या पानावर ताजेपणाला पाचपैकी गुण द्या. तुमचे चांगले तास कोणते ते कळेल. अवघड विषय तिथे ठेवा. रात्री वाचणारे असाल तर तसेच राहा, फक्त परीक्षेच्या दीड-दोन महिने आधी झोप हळूहळू अलीकडे सरकवा.

दुपारच्या सीसॅटसाठी मला आणखी एका गोष्टीचा उपयोग झाला. 'रोज सीसॅट करीन' असं ठरवून ते कधीच झालं नाही. 'मेसमधून आलो, चप्पल काढली की एक उतारा' असं ठरवल्यावर झालं. अमुक घडलं की तमुक करायचं, अशा ठरवण्याने काम खरोखर पार पडायची शक्यता वाढते, हे जर्मन मानसशास्त्रज्ञ पीटर गोलविट्झर यांनी बऱ्याच प्रयोगांतून दाखवलंय. मला ते नाव तेव्हा माहीत नव्हतं. चप्पल माहीत होती.

एकवीस दिवस धरून बसणं

एकवीस दिवस केलं की सवय लागते, हे वाक्य प्रत्येक अभ्यासिकेच्या भिंतीवर कुठेतरी असतंच. ते मुळात सवयींबद्दल नव्हतंच. मॅक्सवेल माल्ट्झ नावाचे अमेरिकी प्लास्टिक सर्जन होते. शस्त्रक्रियेनंतर आपल्या नव्या चेहऱ्याला रुळायला रुग्णांना साधारण किमान एकवीस दिवस लागतात, असं त्यांनी १९६० मध्ये लिहिलं. पुढे 'किमान' गळून पडलं आणि चेहऱ्याच्या जागी सवय आली.

लंडनमध्ये फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ९६ जणांवर खरोखर पाहणी केली. जेवणासोबत पाणी पिणं, थोडं पळणं अशा साध्या गोष्टी. त्या अंगवळणी पडायला मध्यम आकडा ६६ दिवसांचा निघाला आणि माणसागणिक फरक १८ ते २५४ दिवसांचा. आपल्या उपयोगाचा निष्कर्ष वेगळाच आहे: एखादा दिवस चुकल्याने सवय लागण्यात फारसा खंड पडला नाही.

आपण मात्र आठव्या दिवशी खाडा झाला की सगळं मोडीत काढतो. मग 'सोमवारपासून', मग 'एक तारखेपासून', मग 'दिवाळी गावाकडे करून आलो की पक्कं'. नव्याचे नऊ दिवस संपले की पुन्हा नव्याने नऊ दिवस. खाडा झाला तर दुसऱ्या दिवशी भरपाईसुद्धा करू नका, कारण दुप्पट करायला जाऊन तोही दिवस जातो. निम्मंच करा, पण त्याच वेळेला करा.

फोन पालथा ठेवणं

पालथा फोन म्हणजे बंद फोन नव्हे. पडदा दिसत नाही, पण आत काय आलं असेल हा विचार चालू राहतो. शिवाय आपल्याकडे पळवाट तयारच: चालू घडामोडींचे टेलिग्राम चॅनेल. मी सतरा चॅनेलना जोडलेला होतो आणि सतराही जण तीच पीडीएफ टाकायचे.

फोन खोलीवर राहू द्या, जमत नसेल तर बॅगेत बंद करून पायाशी. पीडीएफ रात्री एकदाच, एकाच चॅनेलवरून. वाचताना 'फॉर्मची शेवटची तारीख बघायला हवी' असं आठवलं तर उठू नका, कच्च्या वहीत लिहा. सोफी लेरॉय या संशोधिकेने २००९ मध्ये दाखवलं होतं की एक काम अर्धवट टाकून दुसऱ्याकडे वळलं की लक्षाचा काही भाग पहिल्यातच मागे अडकतो. माझ्या अनुभवात कागदावर उतरलेली गोष्ट डोक्यात कमी घोळते. संध्याकाळी यादी पाहिली की त्यातल्या बऱ्याच गोष्टी मुळात कामाच्याच नव्हत्या, असं दिसतं.

नवी पुस्तकं, चार रंगांचे हायलायटर आणि तिसऱ्यांदा काढलेल्या सुंदर नोट्स यांबद्दल वेगळं लिहीत नाही. ज्याचं त्याला कळतं.

टेस्ट सिरीजचे गुण खरे मानणं

अंदाजाने ठोकलेलं उत्तर बरोबर आलं की ते आपण ज्ञानाच्या खात्यात जमा करतो. चुकलं की म्हणतो, 'येत होतं रे, गडबडीत गेलं.' या हिशेबात तयारी कधीच कमी पडत नाही.

पेपर सोडवताना ज्या प्रश्नाची खात्री नाही त्याच्यापुढे पेन्सिलीने ठिपका द्या. गुण मोजताना ठिपकेवाली बरोबर उत्तरं काढून दुसरी बेरीज करा. ती तुमची. चुकलेल्या प्रश्नांसाठी वहीत तीन रकाने करा: माहीतच नव्हतं; वाचलं होतं पण आठवलं नाही; प्रश्न नीट वाचला नाही. पहिल्या रकान्याला पुस्तक हवं, दुसऱ्याला उजळणी. तिसऱ्यासाठी 'खालीलपैकी कोणते विधान चुकीचे आहे' यातल्या 'चुकीचे' या शब्दाभोवती पेनने गोल करायची सवय पुरते. माझ्या पहिल्या तीन पेपरांत सगळ्यात मोठा रकाना तिसरा होता, आणि मी मात्र इतिहासाचं नवं पुस्तक घेऊन बसलो होतो.

हे सगळं करूनही गाडी हलत नसेल तर

मग अडचण सवयीची नसूही शकेल. मेसच्या एकवेळच्या डब्यावर दिवस निघत असेल, तर आधी जेवणाचं बघा. दोन आठवडे नीट झोप नाही, कशातच मन लागत नाही, रडू येतं, असं असेल तर वेळापत्रक बाजूला ठेवा आणि बोला. सरकारच्या टेलि-मानस सेवेचा क्रमांक १४४१६ आहे. फोन मोफत, चोवीस तास चालू, आणि मराठीत बोलता येतं.

घरी खरं सांगणं मला सगळ्यात अवघड गेलं. दर रविवारी नाना विचारायचे, 'कसं चाललंय?' मी म्हणायचो, 'मस्त.' ठिपके वजा केलेल्या पहिल्या पेपरात ११२ चे ७८ झाले, त्या रविवारी मी तो आकडा सांगून टाकला.

"शंभरपैकी ना?" नानांनी विचारलं.

"नाही. दोनशेपैकी."

पलीकडे बराच वेळ नुसता पंख्याचा आवाज. मग म्हणाले, "बरं. मेसचे पैसे भरलेस का?"