डॉक्युमेंटरी करायला निघालात? या चुका टाळा

"दादा, रविवारी धारावीत जाऊन शूट करतो, फिल्म होईल ना?" महिन्यातून एकदा तरी हा फोन येतोच. होईल की, रविवारचीच होईल. घाटकोपरच्या रमाबाई नगरात 1997 साली झालेल्या पोलीस गोळीबारानंतर डॉक्युमेंटरीवाले आनंद पटवर्धन यांनी हाती घेतलेली 'जय भीम कॉम्रेड' ही फिल्म पुरी व्हायला 14 वर्षं लागली. तुम्ही निदान 14 दिवस तरी द्या. पहिल्या दोन-तीन फेऱ्यांना मी कॅमेरा पिशवीतून काढतच नाही.

दुसरी चूक आवाजाची. लेन्सवर पगार उडवणारी पोरं माइकला हात आखडतात, आणि हेडफोन न लावता मुलाखत घेतात. पंखा, कुकरची शिट्टी, फ्रिजची घरघर हे सगळं नंतर एडिटला बसल्यावर ऐकू येतं. मी एवढा शहाणा, म्हणून मानखुर्दच्या एका खोलीत मुलाखतीआधी फ्रिज बंद केला. आवाज झकास आला. निघताना फ्रिज चालू करायचं मात्र साफ विसरलो. त्या ताई इडलीचं पीठ विकायच्या. दुसऱ्या दिवशी गेलो तर पातेल्यातलं पीठ फसफसून उंबऱ्याजवळ ओतलेलं. त्या काही बोलल्या नाहीत, फक्त चहा विचारला नाही. पिठाचे पैसे दिले, पण पुढची मुलाखत मिळायला दीड महिना गेला. तेव्हापासून फ्रिज बंद केला की माझा लोकलचा पास आत, दुधाच्या पिशवीशेजारी. पासाशिवाय स्टेशनला जाऊन दाखवा!

लैंगिक अत्याचार झालेल्या मुलांच्या बाबतीत 'चेहरा ब्लर केलाय' म्हणून निर्धास्त होऊ नका. पॉक्सो कायद्याच्या कलम 23 प्रमाणे नाव, फोटो, पत्ता, शाळा, शेजारपाजार, ओळख पटेल असं काहीच माध्यमांत दाखवता येत नाही. चेहरा ब्लर आणि गणवेशावर शाळेचा बिल्ला ठळक, असे कट मी पाहिलेत.

संमती कागदावर घ्याच. पण तो कागद मराठीत किंवा हिंदीत हवा, आणि मोठ्याने वाचून दाखवायचा.

पोटासाठी लग्नं शूट करायची लाज वाटते म्हणे. मी अजून करतो. अंतरपाट दुसऱ्यांदा दूर होत नाही. फोकस तिथेच पक्का होतो.

आणि कार्ड फॉरमॅट करायचं ते घरी, दोन हार्ड डिस्कवर कॉपी उघडून पाहिल्यावर. कुर्ल्याला गाडी थांबली म्हणून लोकलमध्ये नाही.