उपयोजित मानवशास्त्रज्ञांच्या संघटनेत जाण्याआधीची तयारी

उपयोजित मानवशास्त्र म्हणजे माणसांच्या जगण्याचा अभ्यास प्रत्यक्षातले प्रश्न सोडवायला वापरणं. अशा कामाच्या संघटनेत सदस्यत्वाचा अर्ज भरण्याआधी एक पानभर मजकूर लिहून काढा: आपण कोणासाठी काम केलं, काय शोधलं आणि त्यामुळे कोणता निर्णय बदलला. ‘समुदायासोबत काम केलं’ एवढ्यावर भागत नाही. रुग्ण उपचार अर्ध्यावर का सोडतात हे शोधलं आणि त्यावरून दवाखान्याच्या वेळा बदलल्या, इतकं ठोस हवं. कोणत्या संघटनेत आपली माणसं भेटतील, हे याच पानावरून कळेल.

मग संघटना पाहा. सोसायटी फॉर अप्लाइड अँथ्रपॉलॉजी अमेरिकेत 1941 साली सुरू झाली. ती स्वतंत्र आहे, आणि आरोग्य, शेती, विस्थापन अशा विषयांवर काम करणारी, विद्यापीठातली आणि बाहेरचीही मंडळी तिथे असतात. ‘नापा’ (मानवशास्त्र व्यवहारात वापरणाऱ्यांची राष्ट्रीय संघटना) मात्र अमेरिकन अँथ्रपॉलॉजिकल असोसिएशनचा विभाग आहे, त्यामुळे आधी मूळ संघटनेचं सदस्य व्हावं लागतं. शुल्काचा हिशेब करताना दोन्ही रकमा धरा. वॉशिंग्टन परिसरात असाल तर ‘वापा’ ही तिथल्या व्यावसायिक मानवशास्त्रज्ञांची संघटना आहे, 1976 पासूनची. कंपन्यांमध्ये वापरकर्त्यांचा अभ्यास करत असाल तर ‘एपिक’ या अशाच अभ्यासकांच्या संघटनेकडे जा, युरोपात असाल तर तिथल्या सामाजिक मानवशास्त्रज्ञांच्या संघटनेचं उपयोजित कामाचं जाळं आहे. पहिल्या वर्षी एकच संघटना निवडावी आणि तिच्या कामात मनापासून उतरावं, असं माझं मत आहे.

यानंतरच्या कामाला सगळ्यात जास्त वेळ द्या: आचारसंहिता आणि आपला करार शेजारी ठेवून वाचा. सोसायटीच्या संहितेत ज्यांचा अभ्यास करतो ती माणसं, त्यांचे समुदाय, सहकारी, विद्यार्थी, काम देणारे आणि एकूण समाज, या सगळ्यांप्रती जबाबदारी सांगितली आहे. प्रत्यक्षात ओढाताण होते ती काम देणारा आणि ज्यांचा अभ्यास केला ती माणसं यांच्यात. अहवालाची मालकी कोणाची, संघटनेच्या वार्षिक सभेत त्यातलं काय बोलता येईल, हे करारात शोधा. स्पष्ट नसेल तर लेखी परवानगी मागा, आणि तीही सभेत वाचायच्या निबंधाचा सारांश पाठवण्याआधी. नुसतं नाव बदलून ओळख लपत नाही. गावात परिचारिका एकच असेल, तर ‘एका परिचारिकेने सांगितलं’ हे वाक्यसुद्धा तिला अडचणीत आणू शकतं. तिचं हुद्द्यासकट आलेलं वाक्य काढून टाका. मुद्दा दुसऱ्या पुराव्यावर उभा राहत नसेल तर मुद्दाही सोडा.

तारखा वेळेत बघून ठेवा. सोसायटीची वार्षिक सभा साधारण मार्चच्या सुमारास भरते, पण सारांश आदल्या वर्षीच द्यावा लागतो. मूळ अमेरिकन संघटनेची सभा नोव्हेंबरात असते. प्रवास, नोंदणी आणि सुट्टी यांची परवानगी कार्यालयाकडून आधीच घ्या. विद्यार्थी किंवा बेरोजगार असाल तर सवलतीच्या शुल्काची चौकशी करायला संकोचू नका.

सोसायटीच्या ‘प्रॅक्टिसिंग अँथ्रपॉलॉजी’ या 1978 पासूनच्या नियतकालिकाचे दोन-तीन अंक वाचून जा. लेख आटोपशीर असतात, आणि विद्यापीठाबाहेर काम करणारी माणसं आपलं काम कसं मांडतात ते दिसतं. ज्यांचा लेख आपल्या कामाजवळचा वाटला, त्यांना सभेआधी चार ओळींचं पत्र पाठवा: लेखातला कोणता भाग उपयोगी पडला, आपलं काम काय आणि विचारायचा प्रश्न कोणता. प्रश्न एकच ठेवा, म्हणजे उत्तर येण्याची शक्यता वाढते.